कोणता फिक्स आजच्या आवृत्तीत, कोणता पुढच्या?

डेबियन १२.३ ही आवृत्ती ९ डिसेंबर २०२३ रोजी यायची होती. तिच्या इन्स्टॉलेशन इमेजेस ऐनवेळी रोखल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी थेट १२.४ बाहेर पडली. कारण होतं सोबतचा लिनक्स कर्नल ६.१.६४. त्यात एक्स्ट४ फाइलसिस्टीमवरचा डेटा बिघडवणारा दोष निघाला होता. हा दोष कुठल्या नव्या सुविधेतून आलेला नव्हता. तो आला एका फिक्समधून, आणि तोच फिक्स मुख्य कर्नलमध्ये बिनबोभाट चालत होता. ‘बग खरा आहे, फिक्स बरोबर आहे, मग जुन्या आवृत्तीत घ्यायला हरकत काय?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच जपून द्यावं लागतं.

असं उत्तर देण्याची वेळ अनेकांवर येते. ओपन सोर्स प्रकल्पाच्या मेन्टेनरवर येते, कंपनीत जुन्या रिलीजेस सांभाळणाऱ्या टीमवर येते, आणि ‘हा पॅच मागच्या व्हर्जनमध्येपण टाकू या का?’ असं सहकाऱ्यानं विचारलं की तुमच्याआमच्यावरही येते. त्या वेळी कोणते प्रश्न कोणत्या क्रमानं विचारावेत, ते इथे मांडतो.

तुलना कशाची करायची?

स्टेबल आवृत्ती वापरणाऱ्यानं तिच्या भरवशावर स्वतःचं काहीतरी उभं केलेलं असतं. तिच्यातल्या बग्जची त्याला सवय झालेली असते. काहींना त्यानं बगल दिलेली असते, काहींशी जुळवून घेतलेलं असतं. त्याच्या दृष्टीनं जुना बग ओळखीचा असतो, आणि तुमच्या फिक्ससोबत येऊ शकणारा नवा बग अनोळखी. त्यामुळे ‘बग खरा आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. आहे त्या आवृत्तीवर राहण्यात वापरणाऱ्याचं नुकसान जास्त, की बदल स्वीकारण्यात, हे ठरवायचं असतं. सिद्ध करण्याचा भार फिक्स आणणाऱ्यावर असतो. शंका उरली तर फिक्स पुढच्या आवृत्तीसाठी ठेवावा.

पहिला प्रश्न: कोणाला, काय त्रास होतोय?

लिनक्स कर्नलच्या स्टेबल मालिका २००५ च्या मार्चमध्ये २.६.११.१ पासून सुरू झाल्या. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि क्रिस राइट यांनी ते काम अंगावर घेतलं होतं. या मालिकांचे नियम जेमतेम पानभर आहेत, पण कोणत्याही प्रकल्पाला उपयोगी पडावेत असे आहेत. बग माणसांना खरोखर त्रास देणारा हवा: कर्नल कोसळणं, मशीन अडकून पडणं, डेटा बिघडणं, सुरक्षेतलं खरं भगदाड, विशिष्ट हार्डवेअरची खोड, बिल्ड न होणं. नव्या उपकरणाचा ओळखक्रमांक यादीत घालणंही चालतं, कारण तिथे फायदा स्पष्ट असतो आणि धोका नगण्य. स्पेलिंगची दुरुस्ती, मोकळ्या जागांची आवराआवर हे चालत नाही. ‘असं होऊ शकेल’ या जातीची कागदावरची रेस कंडिशनही चालत नाही. ती प्रत्यक्षात कशी उद्भवते आणि तिचा गैरफायदा कसा घेता येतो, हे पॅच पाठवणाऱ्यानं समजावून द्यावं लागतं.

तुमच्या टीमसाठी अशीच एक छोटी यादी लिहून काढा. डेटा जाणं, सुरक्षा, क्रॅश आणि पूर्वी चालणारी गोष्ट बंद पडणं हे चार प्रकार वर ठेवा. यातल्या शेवटच्या प्रकाराला, म्हणजे रिग्रेशनला, नेहमीपेक्षा जास्त वजन द्या. तुमच्यावर विश्वास ठेवून ज्यानं अपग्रेड केलं त्याचंच काम अडलेलं असतं, आणि पुढच्या अपडेटला तो कचरणार असतो.

‘नुसती वॉर्निंग घालवली आहे, बाकी काही नाही’ असं सांगत येणाऱ्या पॅचकडे मात्र संशयानंच बघा. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये असाच बदल झाला. व्हॅलग्रिंड हे तपासणीचं साधन इनिशियलाइझ न केलेल्या मेमरीबद्दल तक्रार करत होतं, म्हणून संबंधित ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. त्यासोबत यादृच्छिक अंक बनवणाऱ्या यंत्रणेचा कच्चा मालच आटला. उरला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. हा कोड विकासाच्या शाखेतून २००७ च्या स्टेबल आवृत्तीत गेला आणि दोष उघड झाला मे २००८ मध्ये. तोवर तयार झालेल्या एसएसएच आणि एसएसएलच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. त्या वॉर्निंगचा वापरणाऱ्या कोणालाही त्रास नव्हता. पहिलाच प्रश्न विचारला असता तर त्याचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असं आलं असतं.

दुसरा प्रश्न: पॅच वाचून पटतो का?

कर्नलच्या नियमांत पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नसावा असं म्हटलं आहे. तो उघडपणे बरोबर दिसावा आणि तपासलेला असावा, हीही अट आहे. या दोन्ही अटींचा हेतू एकच: दुसऱ्या माणसाला एका बैठकीत पॅच वाचून त्याची खात्री पटली पाहिजे. एप्रिल २०१४ मध्ये गाजलेल्या, ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड या दोषावरचा उपाय मुख्यतः लांबीची तपासणी हा होता: समोरच्यानं सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या संदेशाहून जास्त असेल तर तो संदेश टाकून द्यायचा. नुकसान प्रचंड, बदल छोटा आणि वाचताच पटणारा. अशा फिक्सवर चर्चेत वेळ घालवू नये.

पण ओळी मोजणं म्हणजे धोका मोजणं नव्हे. एखाद्या सेटिंगची मूळ किंमत ‘बंद’ची ‘चालू’ करणारा एका ओळीचा पॅच सगळ्या ग्राहकांचं वर्तन बदलतो. उलट, जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषावरचे पॅच स्टेबल कर्नल्समध्ये घेतले गेले. मेमरी व्यवस्थापनाच्या गाभ्यात हात घालणारे ते बदल १०० ओळींच्या मर्यादेत बसणारे नव्हतेच. तिथे न बदलण्याचा धोका बदलण्याच्या धोक्यापेक्षा मोठा होता. मर्यादा ओलांडायची असेल तर ओलांडा, पण ती का ओलांडली हे लिहून ठेवा.

मुख्य शाखेतला फिक्स मोठ्या रिफॅक्टरिंगचा भाग असेल तर मोह होतो, की जुन्या आवृत्तीसाठी त्याचं छोटं रूप नव्यानं लिहावं. कधी कधी तोच एक मार्ग असतो. मात्र ते छोटं रूप म्हणजे नवीन कोड आहे. मुख्य शाखेत मिळालेली तपासणी त्याला लागू होत नाही. म्हणूनच शक्य असेल तिथे मूळ कमिट जसाच्या तसा घ्यावा, आणि फरक करावा लागला तर काय बदललं आणि का, हे कमिट मेसेजमध्ये स्पष्ट लिहावं.

तिसरा प्रश्न: मुख्य शाखेत आधी गेला का?

कर्नल, डेबियन, उबुंटू या तिन्हींचा इथे एकच आग्रह आहे: फिक्स आधी पुढच्या आवृत्तीत, मग मागच्या. तो फक्त जुन्या शाखेत टाकला तर अपग्रेड करणाऱ्याला तोच बग पुन्हा भेटतो, आणि तोवर तुमच्या टीममधल्या कोणाच्या तो लक्षातही नसतो. दुसरा फायदा वेळेचा. मुख्य शाखेत फिक्स काही दिवस राहिला की त्याच्या खोड्या बाहेर येतात. फ्रीबीएसडीमध्ये विकसक कमिट करतानाच ‘इतक्या दिवसांनी स्टेबलमध्ये घ्यायचा’ अशी नोंद करतात. ही पद्धत कोणत्याही टीमनं उचलावी अशी आहे. किती दिवस थांबायचं हे बगच्या गांभीर्यावर ठरवा. हल्लेखोर ज्या भगदाडातून आजच आत शिरत आहेत, ते बुजवण्यासाठी महिनाभर थांबणं हा शहाणपणा नाही.

चौथा प्रश्न: या फिक्सला आणखी काय लागतं?

आता ६.१.६४ मध्ये नेमकं काय झालं ते पाहू. एक्स्ट४ मधला तो फिक्स डायरेक्ट आयओनं लिहिल्यानंतर फाइलचा आकार नीट नोंदवण्याबद्दलचा होता. पण तो आयओमॅप या खालच्या थरातल्या एका आधीच्या बदलावर उभा होता. फाइलमध्ये कुठपर्यंत लिहून झालं हा आकडा कधी पुढे सरकवायचा, ते त्या बदलानं ठरवलं होतं. मुख्य कर्नलमध्ये तो बदल होता, ६.१ च्या शाखेत नव्हता. पॅच मात्र विनातक्रार लागला आणि कंपाइलही झाला. चुकला तो फक्त हिशेब, आणि त्या चुकीच्या हिशेबावर डेटा लिहिला गेला.

या प्रकारची चूक पॅच वाचून सापडत नाही, कारण पॅचमध्ये ती नसतेच. ती दोन शाखांमधल्या अंतरात असते. ते अंतर तपासण्यासाठी पुढच्या चार गोष्टी करा:

१. फिक्सनं हात लावलेली फंक्शन्स आणि ती ज्यांना बोलावतात ती फंक्शन्स, या दोन्हींचा दोन शाखांमधला इतिहास गिटमध्ये काढून बघा. मधल्या काळात रिटर्न व्हॅल्यूचा अर्थ, लॉक घेण्याची जागा किंवा एखादं चल कोण बदलतं हे बदललं असेल, तर पॅच व्यवस्थित लागला यावर समाधान मानू नका.

२. बग मुळात कोणत्या कमिटनं आणला ते शोधा. तो कमिट तुमच्या जुन्या शाखेत नसेल तर बगही तिथे नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग फिक्सची गरज नाही. कर्नलमध्ये यासाठी कमिट मेसेजमध्ये ‘फिक्सेस’ नावाची ओळ लिहितात. तुमच्या टीममध्येही तशी सक्ती करा. ती लिहायला मिनिट लागतं आणि नंतरचे तास वाचतात.

३. या फिक्सलाही नंतर फिक्स करावं लागलं का, ते मुख्य शाखेत शोधा. लागलं असेल तर दोन्ही एकत्र घ्या, नाहीतर एकही घेऊ नका.

४. टेस्ट जुन्या शाखेवरच चालवा. मुख्य शाखेवर मिळालेला हिरवा निकाल इथे पुरावा म्हणून चालत नाही. फिक्स न लावता बग दिसतो आणि लावल्यावर जातो, या दोन्ही गोष्टी त्याच शाखेवर दिसल्या पाहिजेत.

पाचवा प्रश्न: आजच्या वर्तनावर कोण विसंबून आहे?

पोस्टग्रेसक्यूएलच्या किरकोळ आवृत्त्यांची ख्याती सावधपणाची आहे. त्यांत फक्त दुरुस्त्या असतात, डेटाबेस नव्यानं भरावा लागत नाही, आणि वर्षातून चार वेळा, ठरलेल्या महिन्यांत त्या येतात. तरीही १४ नोव्हेंबर २०२४ च्या फेरीत एका दुरुस्तीसाठी अंतर्गत रचनेत एक घटक वाढला आणि त्या रचनेचा आकार बदलला. पोस्टग्रेसचा स्वतःचा कोड नीट चालत होता. पण जुन्या आकारावर कंपाइल झालेली टाइमस्केलडीबीसारखी एक्स्टेन्शन्स त्या रचनेला हात लावत होती, आणि ती अडचणीत आली. त्याच फेरीतल्या दुसऱ्या एका बदलानं वापरकर्त्याला रोल नेमून देणारी एक सेटिंग निकामी केली होती. आठवड्याभरात, २१ नोव्हेंबरला, वेळापत्रकाबाहेर जाऊन नवीन आवृत्त्या काढाव्या लागल्या.

तुमच्या उत्पादनात एक्स्टेन्शन्स नसतीलही. पण लॉगच्या ओळी वाचणारी स्क्रिप्ट कुठेतरी असते, एरर मेसेजमधला शब्द शोधणारं मॉनिटरिंग असतं, चुकीच्या क्रमानं येणाऱ्या यादीवर विसंबलेला रिपोर्ट असतो. आउटपुटचा साचा, एक्झिट कोड, एपीआयचा प्रतिसाद, कॉन्फिगरेशन फाइलमधली नावं यांपैकी काहीही बदलणारा फिक्स स्टेबलमध्ये घेताना थांबा. वर्तन चूक आहे हे मान्य असलं, तरी ती चूक कधी सुधारायची हा वेगळा निर्णय आहे.

यातच पडद्यावरचा मजकूरही येतो, आणि त्याची झळ मराठी वापरकर्त्याला थेट बसते. भाषांतरासाठी गेटटेक्स्ट वापरणाऱ्या प्रोग्रॅम्समध्ये मूळ इंग्रजी वाक्यातला एक स्वल्पविराम बदलला तरी जुनं भाषांतर त्याला जुळत नाही. ते ‘फझी’ ठरतं आणि दाखवलं जात नाही. मराठीत असलेल्या खिडकीत मध्येच एक इंग्रजी ओळ उगवते, आणि भाषांतर करणाऱ्यांना पुढच्या आवृत्तीपर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागतं. नोम आणि केडीई या प्रकल्पांत स्टेबल शाखेतला मजकूर म्हणूनच गोठवलेला असतो. बदलायचाच असेल तर भाषांतर करणाऱ्यांच्या गटाला आधी विचारावं लागतं.

नियमात न बसणारे बदल

काही बदल बग सुधारण्यासाठी नसतात, तरी ते घ्यावे लागतात, कारण सॉफ्टवेअरबाहेरचं जग बदललेलं असतं. एखाद्या देशानं घड्याळं पुढे-मागे करण्याचा नियम बदलला की टाइमझोनचा डेटा स्टेबल वितरणांतही तातडीनं अद्ययावत होतो. ब्राउझरची गोष्ट आणखी निराळी. त्यातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या एकेक निवडून जुन्या कोडवर बसवणं इतकं कठीण आहे, की डेबियन स्टेबलमध्ये फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची नवी आवृत्ती अख्खीच घेतली जाते. असे अपवाद आधी ठरवून जाहीर करा. ऐनवेळी मागितलेला अपवाद बहुधा कोणाच्या तरी दबावाखाली दिलेला असतो.

वेग वाढवणाऱ्या पॅचेसबद्दल माझा कल ‘नाही’कडे आहे, एक अपवाद सोडून: मागच्या आवृत्तीपेक्षा गती लक्षणीय घटली असेल तर ते रिग्रेशन आहे, आणि त्याला तोच न्याय लावावा.

‘आम्ही फक्त सीव्हीई क्रमांक (सुरक्षा-दोषांना दिला जाणारा नोंदणी क्रमांक) असलेलेच फिक्स घेतो’ असं धोरणही अनेक टीम्स ठेवतात. दिसायला ते नेटकं असतं. पण कर्नलसारख्या प्रकल्पात सुरक्षेचा प्रश्न सोडवणारा बदल अनेकदा साध्या बगफिक्सच्या वेशात येतो. २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक देऊ लागला, तेव्हापासून त्यांची संख्या इतकी वाढली की नुसत्या क्रमांकावरून निवड करणं अवघड झालं. अशा मूळ (अपस्ट्रीम) प्रकल्पाची स्टेबल शाखा तुम्ही वापरत असाल तर तिच्यातले पॅच एकेक वेचण्यापेक्षा ती अख्खी घेणं आणि आपल्या टेस्ट वाढवणं हेच बहुतेक वेळा सुरक्षित ठरतं.

विनंती कशी लिहून घ्यावी

उबुंटूमध्ये स्टेबल आवृत्तीसाठी फिक्स सुचवणाऱ्याला तीन गोष्टी लिहाव्या लागतात: परिणाम कोणावर होतो, तपासायचं कसं, आणि काय बिघडू शकतं. तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. ‘काहीच बिघडणार नाही’ हे उत्तर तिथे स्वीकारलं जात नाही, आणि तुम्हीही स्वीकारू नका. बिघाड झालाच तर तो कुठे आणि कसा दिसेल, हे ज्याला सांगता येत नाही त्याला आपला बदल पुरता कळलेला नाही. मंजुरीनंतर पॅकेज किमान सात दिवस वेगळ्या कप्प्यात राहतं, तिथे कोणीतरी बग गेल्याची खात्री करतं, आणि मग ते टप्प्याटप्प्यानं लोकांपर्यंत पोहोचतं.

हे टप्पे का हवेत, ते १९ जुलै २०२४ ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष कॉन्फिगरेशन फाइल सगळीकडे एकदमच गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स बंद पडली. ती फाइल प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीचा भाग नव्हती, नुसता डेटा होता. त्यामुळे ‘हा कोड थोडाच आहे’ म्हणून कोणताही बदल टप्प्यांतून सुटता कामा नये.

चुकलं तर

इतकं करूनही एखादा वाईट फिक्स आत येईलच. तेव्हा पहिलं पाऊल तो परत घेण्याचं असावं, त्यावर दुसरा फिक्स चढवण्याचं नव्हे. २०२३ च्या त्याच डिसेंबरमध्ये कर्नल ६.१.६६ नं एक्स्ट४ चा घोळ निस्तरला, पण सोबत आलेल्या वायफायच्या एका दुरुस्तीनं काही मशिन्स अडकू लागली. ६.१.६७ मध्ये ती दुरुस्ती सरळ मागे घेतली गेली. मागे घेण्याचा अधिकार कोणाला, हे आधीच ठरलेलं असावं, म्हणजे रात्री अकराला मीटिंग बोलवावी लागणार नाही. आणि जो बदल मागे घेताच येत नाही, उदाहरणार्थ डेटाबेसच्या टेबलांची रचना बदलणारा, तो स्टेबलपासून लांबच ठेवा.

‘नाही’ कसं सांगावं

नकार देताना तीन गोष्टी सांगाव्यात: कारण, फिक्स कोणत्या आवृत्तीत येईल, आणि तोवरचा पर्याय. शाखेचं वय वाढतं तसा निकष कडक होत जातो, हेही आधीच जाहीर असावं. पायथनच्या अलीकडच्या आवृत्त्यांना सुमारे दोन वर्षं सर्व प्रकारच्या दुरुस्त्या मिळतात, त्यानंतर पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत फक्त सुरक्षेच्या. वेळापत्रक समोर असलं की नकार व्यक्तीवर येत नाही आणि वादही होत नाही.

निवडीचं काम यंत्रावर सोपवण्याचेही प्रयोग झाले आहेत. कर्नलच्या स्टेबल शाखांचे एक मेन्टेनर साशा लेविन यांनी मशीन लर्निंगच्या मदतीनं सुटून गेलेले फिक्स शोधायला सुरुवात केली, आणि त्यातून अनेक उपयोगी पॅच सापडले. मेमरी व्यवस्थापनाच्या मेन्टेनर्सनी मात्र सांगितलं, की आम्ही स्वतः खूण केलेलेच पॅच घ्या. यंत्रानं सुचवावं, पण त्या भागाची जबाबदारी ज्याच्या अंगावर आहे त्यानं ठरवावं, ही वाटणी मला योग्य वाटते.

दर रिलीजनंतर अर्धा तास काढून दोन याद्या बघा: घेतलेले पण मागे घ्यावे लागलेले फिक्स, आणि नाकारलेले पण नंतर ग्राहकांनी ज्यांच्यासाठी तक्रार केली ते फिक्स. पहिली यादी लांबत असेल तर तुमची चाळणी सैल आहे, दुसरी लांबत असेल तर ती घट्ट आहे. दोन्ही याद्या नेहमीच रिकाम्या राहत असतील, तर बहुधा नोंदी ठेवल्या जात नाहीत. सुरुवात तिथून करा.